मांडवावरचा तिसरा वेल

विनिताला बागकामाची हौस कधीच नव्हती. माणिकपूरच्या फ्लॅटमध्ये असताना खिडकीत एक तुळस होती, आणि तीही श्रीरंग, तिचा नवरा, आंघोळ झाल्यावर न चुकता पाणी घालायचा म्हणून टिकली होती. ती स्वतः एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होती. सकाळी लोकांचं रक्त काढायचं, दुपारभर ते तपासायचं, संध्याकाळी रिपोर्ट तयार करून ठेवायचे. रिपोर्ट कितीही वाईट आला तरी तिचा चेहरा बदलत नसे. पेशंटांना ते खटकायचं, डॉक्टरांना बरं वाटायचं.

मग लॅब एका मोठ्या कंपनीने घेतली, तपासणी सगळी अंधेरीला गेली आणि इथे नुसत्या सुया टोचायला नव्या मुली बसवल्या. त्याच सुमाराला त्यांची इमारत रीडेव्हलपमेंटला निघाली. नोकरी आणि घर एकाच वर्षी हातचं गेलं. नवी इमारत उभी राहीपर्यंत कुठेतरी राहायचं म्हणून दोघं जवळच्या गास गावात भाड्याने राहायला आली. पुढे मालकांचं जुनं कौलारू घर, मध्ये विहीर, तिच्यामागे भाडेकरूंसाठी बांधलेल्या दोन खोल्या, आणि त्याच्याही मागे कंपाउंडपर्यंत पसरलेला, गवताने भरलेला तुकडा.

घराचे मालक म्हणजे जॅक्सन आणि त्यांची बायको इनेझ. दोघं सत्तरीच्या आगेमागे. मुलगा गॉडफ्रे पुण्याला. आपसात ती दोघं त्यांच्या बोलीत बोलत, त्यातलं विनिताला निम्मं कळत नसे. तिच्याशी बोलताना मात्र साधं मराठी. विनिता त्यांना आंटी-अंकल म्हणायची. पहिले सहा महिने संबंध असे होते की भेटलं की हसायचं आणि पाणी वेळेवर चढलं का ते विचारायचं. विनिताला तेवढं पुरेसं होतं.

नाताळ होऊन गेल्यावर एके दिवशी इनेझ विहिरीच्या कठड्याला टेकून मागच्या तुकड्याकडे बघत उभ्या होत्या.

"इथे मी वांगी लावायची, मिरची, मेथी. घरचं भागून वर शेजारी वाटायची," त्या म्हणाल्या. "आता गुडघे वाकत नाहीत. पडलेली जमीन बघवत नाही गं. तुला काही करायचं तर कर."

"मला येत नाही त्यातलं," विनिता म्हणाली.

"मला तरी कुठे येत होतं? लग्न होऊन आले तेव्हा मेथी कुठली आणि शेपू कुठला तेही कळायचं नाही. सासूने कुदळ हातात दिली."

विनिताला घरी करायला काही नव्हतं, हे खरं कारण. सकाळी श्रीरंग फोर्टातल्या ऑफिसला निघाला की दिवस नुसता पडून असायचा. तिने गवत काढलं, जमीन खणली, शेणखत मिसळलं, वाफे पाडले. लॅबमध्ये जसं काम करायची तसंच इथेही केलं, घाई नाही आणि कौतुकही नाही. लाल माठ टाकला, भेंडी टोचली, चवळी टोचली. कंपाउंडच्या कडेला बांबू रोवून सुतळीचा मांडव केला. इनेझनी राखेत घोळवून ठेवलेलं दुधीचं बी आणून दिलं. सासूच्या हातचं बी, दरवर्षी एक दुधी वेलावरच सुकू देऊन त्यांनी ते जपलं होतं. गेली काही वर्षं मात्र कुणी लावलं नव्हतं. बरंचसं उगवलंच नाही. दोन रोपं वर आली.

शिमगा झाला आणि ऊन चढायला लागलं, तसा तो तुकडा ओळखू येईना. माठाची एक कापणी होऊन दुसरी तयार झाली. भेंडीला पिवळी फुलं आली. दुधीचे दोन्ही वेल मांडवावर चढून एकमेकांत गुंतले. पानांवर लाल भुंगेरे दिसले तेव्हा विनिताने पहाटे दवात पानांवर राख भुरभुरली आणि उरलेले हाताने वेचून साबणाच्या पाण्यात टाकले. संध्याकाळी पांढरी फुलं उमलायची. मागे बारीक दुधी घेऊन येते ती मादी, नुसत्या देठावर येतो तो नर. मधमाश्या कमी पडतात असं वाटल्यावर तिने नर फूल खुडून मादीवर हलकेच टेकवायला सुरुवात केली. श्रीरंग ऑफिसातून येऊन चहाचा कप हातात घेऊन ते बघत उभा राहायचा.

"लॅब चुकली नाही तुला," तो म्हणायचा.

विहिरीचं पाणी खाली जाऊ लागलं, तसं तिने केळीची सुकी पानं आणून रोपांच्या बुडाशी अंथरली. आता पाणी एक दिवसाआड पुरायला लागलं. कोपऱ्यात एक खड्डा होता. दोन्ही घरांतला भाजीचा कचरा त्यात पडायचा. त्या खड्ड्याच्या काठावर मार्चच्या सुरुवातीला आणखी एक वेल आपोआप उगवला. पानं दुधीची. विनिताने इनेझना विचारलं.

"कुठल्यातरी बाजारच्या दुधीचं बी पडलं असेल," इनेझ म्हणाल्या. "येऊ दे. मांडव मोठा आहे."

विनिताने त्याला सुतळी बांधून मांडवाची वाट दाखवली. खताच्या खड्ड्यावरचा तो वेल बाकीच्या दोघांपेक्षा जोमाने वाढला.

पहिला दुधी तिने पुढच्या घरी नेऊन दिला. बी त्यांचं होतं, तेव्हा तसंच करायचं असतं असं तिला वाटलं. इनेझनी तो दोन्ही हातांत धरला, नखाने साल बघितली, आणि जॅक्सनना हाक मारून दाखवला. जॅक्सननी आयुष्यभर गोदीत क्रेन चालवली होती. आदल्या वर्षी हृदयात स्टेंट बसल्यापासून त्यांनी तब्येत मनावर घेतली होती. मोबाइलवर येणारा प्रत्येक व्हिडिओ ते बघत, आणि त्यातले निम्मे तरी उपाय इनेझना करायला लावत. सध्या दुधीचा रस चालू होता, सकाळी उठल्या उठल्या, कच्चा, पुदिना घालून.

"आता बाजारचा नको," जॅक्सन म्हणाले. "औषधं मारलेला असतो. हा आपल्या घरचा. तू देत जा, विनिता."

ती देत गेली. पूर्ण एप्रिल असा गेला. एक दिवसाआड सकाळी ती विहिरीला वळसा घालून पुढच्या घरी जायची, ओट्यावर दुधी ठेवायची. इनेझ तिला कधी सुकट घालून केलेली चवळी द्यायच्या, कधी फुगे, पिठाचे गोल गोळे तळून केलेले, चुलीवरच्या तळणीतले गरम गरम. ओट्यावर बसून दोघी काही बोलायच्या, काही नाही. विनिताला माणसांची ओढ लागायची सवय नव्हती. पण एकदा दुधी तयार नसतानाही ती सकाळी तिकडे गेली, आणि हात मोकळे आहेत हे ओट्याशी पोचल्यावर तिच्या लक्षात आलं.

एप्रिल संपता संपता खड्ड्यावरच्या वेलाचा पहिला दुधी तयार झाला. बुडाशी जरा जास्त गोल होता, एवढाच फरक. तिने तो तोडला आणि नेऊन दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती भेंडी तोडत होती. श्रीरंग नुकताच निघून गेला होता. पुढून इनेझची हाक आली, आणि त्या हाकेत विनिताचं नाव निम्मंच होतं.

जॅक्सन न्हाणीच्या दगडाशी वाकून ओकत होते. अंग घामाने भिजलेलं, ओठ पांढरे. छातीत जळतंय, पोटात पिळतंय, एवढं ते मधूनमधून सांगत होते. विनिताने नाडी बघितली. ती बारीक आणि धावती होती. तिने नाक्यावरच्या रिक्षावाल्याला फोन केला, दोघींनी मिळून त्यांना रिक्षात बसवलं आणि हॉस्पिटल गाठलं.

कॅज्युअल्टीत एक तरुण डॉक्टर होती. तिने भराभर प्रश्न विचारले. स्टेंट कधी बसला, गोळ्या कुठल्या चालू आहेत, दुखणं कधी सुरू झालं. मग तिने विचारलं, "सकाळपासून पोटात काय गेलंय?"

"चहा," इनेझ म्हणाल्या. "आणि एक पाव."

"आणखी काही? बाहेरचं, वेगळं, नेहमीचं नसलेलं?"

इनेझनी विनिताकडे पाहिलं. अगदी क्षणभर. मग जमिनीकडे बघत म्हणाल्या, "नाही. काही नाही."

विनिता शेजारीच उभी होती. ते पाहणं तिने पाहिलं, पण तेव्हा त्याचा अर्थ लागला नाही. आदल्या वर्षीच्या अँजिओप्लास्टीची फाइल लागणार होती. ती कपाटात आहे असं सांगून इनेझनी किल्ली तिच्या हातात दिली. डॉक्टर नर्सला सांगत होती, हार्टचंच दिसतंय, रक्त पाठवा, रक्त पातळ करायचं इंजेक्शन तयार ठेवा.

विनिता त्याच रिक्षाने परत आली. फाइल मिळाली. परत निघताना तिची नजर स्वयंपाकघरात गेली. टेबलावर जाळीखाली अर्धा दुधी होता. मिक्सरचं भांडं तसंच उघडं पडलं होतं, आणि बाजूला काचेचा रिकामा ग्लास, तळाशी हिरवट साय धरलेला.

इनेझ चहा म्हणाल्या होत्या, पाव म्हणाल्या होत्या. रोजचा रस त्या विसरणं शक्य नव्हतं.

विनिताने भांड्याच्या कडेला बोट लावलं आणि जिभेच्या टोकाला टेकवलं. कारलं कडू असतं तसा तो कडूपणा नव्हता. घसा आवळला गेला आणि डोळ्यांत पाणी आलं. तिने मोरीत थुंकलं, चुळा भरल्या, पुन्हा भरल्या. मग तिथेच ओट्याला हात टेकून उभी राहिली. लॅबमध्ये असताना एका माणसाचं रक्त असंच घाईने आलं होतं. तेव्हा डॉक्टर फोनवर बोलताना तिने ऐकलं होतं की कडू दुधीचा रस प्यायला, आतून रक्तस्राव होतोय. आणि इथे तर रक्त पातळ करायची सुई भरून ठेवली होती.

फोन इनेझना करावा की हॉस्पिटलला, असा प्रश्न तिला पडलाच नाही. हॉस्पिटलचा नंबर लॅबच्या दिवसांपासून तिच्या मोबाइलमध्ये होता.

"मी आत्ता जॅक्सन म्हणून पेशंट आणलेत त्यांच्याबरोबर होते," ती म्हणाली. "इंजेक्शन दिलं का रक्त पातळ करायचं?"

"देतोच आहोत," नर्स म्हणाली.

"थांबवा. डॉक्टरांना द्या फोन. सकाळी त्यांनी कडू दुधीचा कच्चा रस प्यायलाय. ग्लासभर. मी चव घेऊन बघितली आहे."

अर्धा दुधी पिशवीत टाकून ती परत पोचली, तोवर जॅक्सनना रक्ताची उलटी झाली होती. सलाइन धो-धो चालू होतं. इंजेक्शन दिलं गेलं नव्हतं. रक्ताचा रिपोर्ट आला, त्यात हार्टचं काही निघालं नाही.

"बरं झालं फोन केलात," डॉक्टर म्हणाली. मग इनेझकडे वळून, आवाज न चढवता, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "आजी, हे तुम्ही मला आधीच सांगायला पाहिजे होतं. मी दुसरंच काही करून बसले असते."

इनेझनी हातातली जपमाळ पर्समध्ये ठेवून दिली.

गॉडफ्रे दुपारनंतर पुण्याहून येऊन पोचला. चाळिशीचा, वडिलांसारखाच रुंद खांद्यांचा. तोवर जॅक्सन वॉर्डात होते, थकलेले, पण शुद्धीवर. डॉक्टरने त्याला बाहेर नेऊन सगळं सांगितलं. तो आत आला आणि आईसमोर उभा राहिला.

"मम्मी, तू होतीस ना तिथे, पप्पा पीत होते तेव्हा?"

"होते."

"कडू होता?"

"मी थेंब घेऊन थुंकला. त्याला म्हटलं, टाकून दे. तो म्हणाला, कडू आहे म्हणजे औषधाचा गुण आहे. नाक दाबून प्याला सगळा."

"मग डॉक्टरने विचारलं तेव्हा का नाही बोललीस? मरता मरता वाचलेत ते. तुला कळतंय का?"

शेजारच्या खाटेवरचा माणूस मान वळवून बघत होता. इनेझ साडीचा पदर बोटाला गुंडाळत बसल्या. पुढच्या गोष्टी गॉडफ्रे त्यांच्या बोलीत बोलला. विनिताला त्या कळल्या नाहीत, पण त्यातून इनेझचा चेहरा कसा होत गेला ते तिला दिसलं. आणि तेव्हा, वॉर्डातल्या बाकावर बसलेली असताना, सकाळचं ते क्षणभर पाहणं तिला उमगलं. इनेझनी तिचं नाव यात येऊ नये म्हणून तोंड बंद ठेवलं होतं.

गॉडफ्रे तिच्याकडे वळला. "दुधी तुमच्याकडचा होता, ताई?"

"हो. मीच दिला."

"तुम्ही मुद्दाम नाही केलं, ते मला माहीत आहे. पण तो मांडव काढून टाका. सगळाच. घराचं काय करायचं ते नंतर बोलू."

रात्री जेवताना श्रीरंगने पानातलं काही नीट खाल्लं नाही. "उद्या सकाळी मी उपटून टाकतो सगळं," तो म्हणाला. "आणि दुसरीकडे खोली बघायला लागू. कुठल्या तोंडाने राहायचं इथे?"

"आधी कुठला वेल आहे ते बघते."

"आता त्याचीही टेस्ट करणार तू?"

"मग काय करू? दुसरं काही मला येत नाही."

सकाळी श्रीरंग गेल्यावर ती पाण्याची बाटली आणि सुरी घेऊन मांडवाखाली गेली. एकेका दुधीला नखाएवढा काप देऊन ती जिभेच्या टोकाला लावायची, थुंकायची, चूळ भरायची. इनेझच्या बियाण्याचे दोन्ही वेल ठीक होते. त्यांचे दुधी चवीला पाण्यासारखे, किंचित गोडसर. बुडाशी गोल असलेले सगळे कडू निघाले. तिने त्या वेलाचा माग धरला. तो दुसऱ्या दोघांत असा गुंतला होता की बराच वेळ गेला. शेवटी खोड खड्ड्याच्या काठाशी जाऊन भिडलं. तिने ते कापलं. कडू दुधी तिने तोडले आणि गाईगुरांच्या तोंडी लागू नयेत म्हणून खोल पुरले.

सुरी धुऊन तिने खाली ठेवली. मग माठाच्या वाफ्याच्या बांधावर बसली आणि रडली. फार नाही. उन्हाचा चटका पाठीला बसायला लागला तशी उठली आणि भेंडीला पाणी घातलं.

दुपारपर्यंत कापलेल्या वेलाची पानं मांडवावर लोंबायला लागली. गॉडफ्रे वडिलांचे कपडे न्यायला घरी आला होता, तो मागे आला.

"मी सगळाच म्हटलं होतं, ताई."

"एकच वेल कडू होता. तो तोडला. मी प्रत्येकाची चव घेऊन बघितली. राहिलेले दोन तुमच्या आजीच्या बियाण्याचे आहेत, आईंनी जपून ठेवलेल्या. ते काढायचे असतील तर आईंनी सांगावं. मी लगेच काढते."

गॉडफ्रेने मांडवाकडे बघितलं. मग वेलांना हात न लावता तो कपडे घ्यायला घरात गेला.

जॅक्सन घरी आले ते वजन उतरून, पण आवाजात काही कमी झालेलं नव्हतं. विनिता भेटायला गेली तेव्हा त्यांनीच खुर्ची पुढे करायला सांगितली. "अगं, चूक माझी," ते म्हणाले. "बायको थुंक म्हणाली, मी गिळलं. बावन्न वर्षांत तिचं ऐकलं नाही, आता कसलं ऐकणार?" इनेझ आतल्या खोलीतून आल्या, विनिताला पाणी दिलं, आणि पुन्हा आत गेल्या.

तेव्हापासून तसंच चालू झालं. विहिरीशी गाठ पडली की इनेझ मान हलवायच्या. विचारलं त्याचं उत्तर द्यायच्या. सुकट घातलेली चवळी आली नाही. विनितानेही भाजी नेली नाही. कुठल्या तोंडाने न्यायची? बाग मात्र ऐन भरात होती. चवळीच्या शेंगा हातभर लोंबत होत्या, काकडी लागली होती, मिरचीची झाडं वाकली होती. दोन माणसांना खाऊन संपेना. श्रीरंग पिशवी भरून ऑफिसात न्यायला लागला. दुधी फक्त तो घरी ठेवायला लावायचा.

मे लागला. गावात रोज संध्याकाळी क्रुसापाशी जपमाळेची प्रार्थना सुरू झाली. मुलं, बायका, म्हातारे जमायचे, गाणी म्हणायचे, मग उकडलेले चणे वाटायचे. विनिताच्या खिडकीतून सूर ऐकू यायचे. एके दिवशी प्रार्थना संपवून इनेझ एकट्या, काठी टेकत, फाटकातून आत येत होत्या. विनिता विहिरीपाशी बादली भरत होती. तिने बादली खाली ठेवली.

"आंटी, मला बोलायचंय."

इनेझ थांबल्या. मग विहिरीच्या कठड्याला टेकून बसल्या, कारण गुडघ्यांना उभं राहवत नव्हतं.

"तुम्ही माझ्यासाठी डॉक्टरांना सांगितलं नाहीत," विनिता म्हणाली. "मला ते तेव्हा कळलं नाही. नंतर कळलं."

"तुझ्यावर पोलीस येतील असं वाटलं," इनेझ म्हणाल्या. "टीव्हीवर दाखवतात तसं. म्हटलं, पोरीने प्रेमाने दिला, तिच्या डोक्यावर कशाला? उलट्या थांबतील आणि घरी जाऊ. मला काय माहीत इतकं वाढेल?" त्या थांबल्या. "तू सांगितलंस ते बरोबरच केलंस. माझा माणूस त्याने वाचला. ते मी रोज प्रार्थनेत बोलते. पण मला आधी सांगायचं होतंस. माझ्याकडे फोन होता. मी डॉक्टरच्या दारात उभी होते. तू मला म्हटलं असतंस, आंटी, सांगा, तर मीच सांगितलं असतं. त्या डॉक्टरने मला सगळ्यांसमोर खोटी ठरवलं. गॉडफ्रेने पण. माझा मुलगा माझ्याशी तसा कधी बोलला नव्हता."

"वेळ नव्हता, आंटी. सुई भरलेली होती."

ते पूर्ण खरं नव्हतं हे तिला जाणवत होतं. ज्या बोटाने हॉस्पिटलचा नंबर दाबला, त्याच बोटाने इनेझचा दाबता आला असता.

"खरं सांगू?" ती म्हणाली. "फोन तुम्हाला करता आला असता. तुम्ही सांगाल याची खात्री नव्हती मला."

दूर कुणीतरी मुलांना घरी हाका मारत होतं. इनेझ खाली बघून हळू म्हणाल्या, "मलापण नव्हती."

विनिता त्यांच्या शेजारी कठड्यावर बसली. इनेझनी हातातल्या रुमालाची गाठ सोडली. त्यात उकडलेले चणे होते, खोबऱ्याचे तुकडे घातलेले. त्यांनी रुमाल मध्ये ठेवला. विनिताने एक दाणा उचलला, मग मूठभर घेतले.

"हात दे," इनेझ उठताना म्हणाल्या, आणि तिचा हात धरून घराच्या पायऱ्या चढल्या.

त्यानंतर सगळं पहिल्यासारखं झालं असं म्हणता येणार नाही. गॉडफ्रे पुण्याला परत गेला, पण दर रविवारी फोनवर वडिलांना विचारायचा की आज काय प्यायलात. जॅक्सन फोन इनेझच्या हातात द्यायचे. घर सोडण्याचा विषय त्याने पुन्हा काढला नाही. श्रीरंग मात्र अजून दुधीची भाजी पानात पडली की पहिला घास विनिताने घेईपर्यंत थांबायचा, आणि तिला त्याचा राग येत नसे.

पुढच्या घरी दुधी जायला लागला तो थेट कालवणात. विनिता काप देऊन चव घ्यायची, तिकडे इनेझ स्वतः पुन्हा घ्यायच्या, मग पातेलं चुलीवर चढायचं. जॅक्सननी एकदा कारल्याच्या रसाचं नाव काढलं, तर इनेझनी त्यांच्या बोलीत असं काही सुनावलं की विनिता मागच्या खोलीत हसली. शब्द तिला नेमके कळले नव्हते.

मे संपता संपता एका सकाळी इनेझ मागच्या तुकड्यात आल्या. विनिता तिथे राहायला आल्यापासून पहिल्यांदाच. एका हाताने भिंत धरत, दुसऱ्या हातात काठी, वाफ्यावाफ्याशी थांबत. माठाची पानं उलटी करून त्यांनी खालची बाजू बघितली. मिरचीच्या झाडाला टेकू द्यायला सांगितला. भेंडीपाशी आल्या आणि एक शेंग मधोमध मोडून पाहिली. ती मोडता मोडेना, नुसती वाकली.

"जून झाली गं," त्या म्हणाल्या. "ही काल काढायला पाहिजे होती."

"काल मी चवळी काढत बसले."

"टोपली आण. पलीकडची ओळ मी घेते, तिथे वाकावं लागत नाही."

विनिताने टोपली आणली आणि दोघींच्या मध्ये ठेवली.